तार एकाची, लहरी सर्वांच्या

शहरातील कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीत रात्री नऊच्या सुमारास एक तक्रार हमखास कानी पडते : 'नेट चालत नाही.' दहावीतल्या मुलीचा गणिताचा पाठ पडद्यावर नुसते चक्र फिरवीत थांबलेला असतो, वडिलांचा क्रिकेटचा सामना अर्ध्या षटकातच गोठलेला असतो आणि कार्यालयातून घरी आणलेले काम थोरल्या मुलाच्या संगणकावरून पुढे सरकत नसते. मग केबलवाल्याला दूरध्वनी जातो. तो येतो, पेटी बंद करून पुन्हा चालू करतो आणि 'आता बघा' असे सांगून निघून जातो. घटकाभर सारे सुरळीत चालते, पुढे पहिले पाढे पंचावन्न. महिनाअखेरीस 'वरचा प्लॅन घ्या' असा सल्ला मिळतो आणि पगारातून आणखी दोन-अडीचशे रुपये वळते होतात. दोष नेमका कोठे आहे, तारेत, घरात की हवेत, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः केबलची जोडणी आणि तिच्यावर उभे केलेले घरातले बिनतारी जाळे ही एक वस्तू नव्हे. तीत तीन वेगवेगळ्या वस्तू एकत्र आलेल्या असतात. घरापर्यंत येणारी तार ही विकत घेतलेली सेवा. भिंतींच्या आतील मांडणी हा गृहव्यवस्थेचा भाग. ज्या लहरींवरून हा सारा व्यवहार चालतो, त्या मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसह सर्वांच्या सामाईक. या तिन्हींचे अर्थशास्त्र निराळे आहे. ते ध्यानात न घेता केवळ पैसे वाढवीत जाणे म्हणजे पोहऱ्याला भोक असताना आड खोल खणीत बसण्यासारखे आहे.

तीच तार, निराळा हिशेब

प्रथम तारेचा विचार करू. महाराष्ट्राच्या शहरांत केबलची तार आली ती दूरचित्रवाणीसाठी. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून दिसू लागली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गच्चीवरची तबकडी आणि गल्लीतून लोंबणारी तार हे शहराचे नित्याचे दृश्य होऊन बसले. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला तो १९९५ साली. त्या कायद्यान्वये केबलचालकाला आपली नोंदणी टपाल कचेरीत करावी लागत असे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली आणि १९९८ च्या अखेरीस हे क्षेत्र खासगी संस्थांना खुले झाले. मग दोन्ही प्रवाह एकत्र येणे क्रमप्राप्तच होते. ज्याची तार आधीच दारात पोचली होती, त्या केबलवाल्यानेच पुढे इंटरनेटही दारात आणले.

तथापि या स्थित्यंतरात एक मूलभूत फरक झाला. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम तारेतून सर्वांना एकसारखा जातो. इमारतीत आणखी दहा घरांनी जोडणी घेतली म्हणून आधीच्या प्रेक्षकाच्या वाट्याचे चित्र तसूभरही कमी होत नाही. एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा घटत नसणे, हे सार्वजनिक वस्तूचे एक लक्षण अर्थशास्त्र सांगते. इंटरनेटचे तसे नाही. तेथे प्रत्येक घराची मागणी निराळी, म्हणून प्रत्येकाचा वाटाही निराळा काढावा लागतो. जुन्या सहअक्ष तारेवर एका टप्प्यातील सर्व घरे एकाच प्रवाहाचे भागीदार असतात. आजच्या प्रकाशतंतूच्या जाळ्यातही सामान्यतः एकच तंतू फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिला जातो. दिवसा निम्मी घरे रिकामी असतात, तेव्हा कोणालाच काही जाणवत नाही. रात्री सारी घरे एकदमच तहानलेली होतात आणि नळाची धार बारीक होते.

ग्राहकाला जाहिरातीत दिसतो तो वेगाचा कमाल आकडा, तोही मेगाबिटमध्ये. घरातला हिशेब मात्र चालतो मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. शंभर मेगाबिटची जोडणी घेतलेल्या गृहस्थाला सर्व काही सुरळीत असतानाही सेकंदाला साडेबाराच मेगाबाइट मिळणार, ही फसवणूक नव्हे. पण हे त्याला आधी कोणी समजावून सांगितलेले नसते, हेही तितकेच खरे. दुसरीकडे, सुस्पष्ट चलच्चित्रासाठी साधारणपणे पाच मेगाबिट पुरतात. चौघांच्या कुटुंबात चारही जण एकाच वेळी चित्रे पाहत बसले, तरी वीस-पंचवीस मेगाबिटच्या पलीकडे गरज सहसा जात नाही. म्हणजे शंभराची जोडणी असूनही ज्या घरात पाठ अडखळतो, तेथे तीनशेची जोडणी घेऊन प्रश्न सुटेलच असे नाही. देशाच्या २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीस 'ब्रॉडबँड' म्हटले होते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा दोन मेगाबिटवर नेण्यात आली. आकडे वाढले, पण वाढलेला वेग घराच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचतो की नाही, हे पाहण्याचे काम धोरण करीत नाही. ते गृहस्थानेच करावयाचे असते.

भिंतींच्या आत

ते कठीणही नाही. ज्या मोडेममध्ये केबल येते, त्याला संगणक तारेने जोडून वेग एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ वाजता मोजावा. मग तोच वेग घराच्या टोकाच्या खोलीत बिनतारी मोजावा. दुपारी तारेवर वेग पुरेसा आणि रात्री तारेवरच तो कोसळतो, असे दिसले तर दोष पुरवठादाराकडे आहे, आणि हे तीन आकडे हाती असले की त्याच्याशी बोलताना 'नेट चालत नाही' एवढ्या मोघम वाक्यावर विसंबावे लागत नाही. तारेवर दोन्ही वेळा वेग ठीक आणि खोलीत मात्र नाही, असे आढळले तर पुरवठादाराला बोल लावण्यात अर्थ नाही. दोष घरात आहे किंवा हवेत आहे.

घरातला दोष बहुधा राउटर ठेवण्याच्या जागेत सापडतो. केबलची तार खिडकीतून किंवा दरवाजावरून आत येते. जेथे ती येते तेथेच, दूरचित्रवाणी संचाच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, माणूस राउटर टेकवून मोकळा होतो. परिणामी निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. उरलेल्यांना स्वयंपाकघर आणि आतली खोली गाठण्यासाठी दोन-तीन भिंती, शीतकपाट आणि आरसा एवढी वाट काढावी लागते. पाणी आणि धातू हे या लहरींचे वैरी होत. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींमधील लोखंडी सळ्यांचे खांबही त्यांना बरेच अडवितात. यास्तव राउटर घराच्या मध्यावर, कपाटाच्या उंचीवर, उघड्या जागी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. त्यासाठी दहा मीटर तार अधिक लागली तर तो खर्च एकदाच होतो, वरच्या प्लॅनचे पैसे मात्र दरमहा जातात. जी उपकरणे जागची हलत नाहीत, म्हणजे मेजावरचा संगणक किंवा दूरचित्रवाणी संच, ती शक्य तेथे तारेनेच जोडावीत. तेवढीच हवेतील गर्दी कमी होते.

लहरींचे सामाईक कुरण

येथून पुढचा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. बिनतारी जाळे प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. अमेरिकेच्या संचार आयोगाने १९८५ मध्ये असे काही पट्टे विनापरवाना संचारासाठी खुले केले. त्या पायावर १९९७ मध्ये 'वायफाय'चे पहिले तांत्रिक मानक तयार झाले. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त केला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये. या मुक्तीची अट मोठी अर्थपूर्ण आहे. वापर सामाईक राहील, कोणी दुसऱ्याला अडथळा करू नये आणि दुसऱ्याकडून अडथळा झाला तर संरक्षण मागू नये, असा तिचा आशय आहे.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात दिला होता. या मालमत्तेची वाटणी कशी करावी याविषयी अर्थशास्त्रात जुना वाद आहे. रोनाल्ड कोझ यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले की, लहरींवरील हक्क विकावेत, म्हणजे ज्याला त्यांचा सर्वाधिक उपयोग त्याच्या हाती त्या जातील. भ्रमणध्वनीच्या बाबतीत भारतानेही पुढे हा मार्ग पत्करला. २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या लहरींच्या लिलावातून सरकारला सुमारे ६७ हजार ७०० कोटी रुपये मिळाले. गमतीची गोष्ट अशी की, ज्या लहरींसाठी कंपन्यांनी हजारो कोटी मोजले, त्यांच्या जवळपासचाच एक पट्टा परळच्या चाळीतील गृहस्थ एक पैसाही न देता वापरतो. तो बेकायदा वागत नाही. त्याच्या वाट्याला सामाईक कुरण आले आहे एवढेच.

सामाईक कुरणाचे काय होते, हे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सांगून ठेवले आहे. जो तो आपले एक गुरू अधिक सोडतो आणि अखेर कुरण उजाड होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नेमके हेच घडते. येथे तेरा वाहिन्या दिसतात खऱ्या, पण त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की परस्परांना धक्का न लावता चालतील अशा तीनच, पहिली, सहावी आणि अकरावी. एका मजल्यावर आठ घरे, आठ राउटर, त्यातील कित्येक एकाच वाहिनीवर आणि प्रत्येकाचा आवाज चढा. ज्याला ऐकू येत नाही तो अधिक शक्तीचे यंत्र आणतो, आणि त्यामुळे शेजाऱ्याला ऐकू येईनासे होते. त्याच पट्ट्यात ब्लूटूथची उपकरणे आणि सूक्ष्मलहरींची भट्टीही आपापला गोंगाट मिसळतात. पैसे खर्च होतात आणि एकंदर सुख मात्र वाढत नाही.

परंतु हार्डिन यांचा निष्कर्ष अटळ नाही. सामाईक संपत्ती खासगी तरी करावी किंवा सरकारने तरी ताब्यात घ्यावी, या दोहोंवाचून तिसरा मार्ग आहे, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाण्याचे पाट, कुरणे आणि मासेमारी यांच्या उदाहरणांवरून दाखविले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. महाराष्ट्राला हे तत्त्व शिकण्यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचीही गरज नाही. खानदेशातील पांझरेच्या काठची फड पद्धती पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली. बंधारा सर्वांचा, पाण्याची पाळी ठरलेली, पाटकरी नेमलेला आणि फडात पीक कोणते घ्यावयाचे हेही एकमताने ठरलेले. मुंबईच्या चाळीतील सामाईक नळावरही पाळीचा अलिखित कायदा होताच.

मग तोच कायदा लहरींना का लावू नये? इमारतीच्या सभेत रंगकाम आणि पाण्याची टाकी यांवर तासन्‌तास चर्चा होते. तेथेच पाच मिनिटे काढून पहिल्या मजल्याने पहिली वाहिनी घ्यावी, दुसऱ्याने सहावी, तिसऱ्याने अकरावी आणि चौथ्याने पुन्हा पहिली, असे ठरविण्यास एक रुपयाही लागत नाही. ज्यांची यंत्रे ५ गिगाहर्ट्झवर चालतात त्यांनी जवळच्या उपकरणांसाठी तोच पट्टा वापरावा. तेथे जागा अधिक आहे, शिवाय त्या लहरी भिंत ओलांडताना लवकर क्षीण होतात. एरवी हा दोष, पण दाट वस्तीत तोच गुण ठरतो, कारण आपोआप प्रत्येकाच्या कुरणाला कुंपण पडते. नवे राउटर वाहिनी स्वतःच निवडतात, मग माणसांनी त्यात कशाला लक्ष घालावे, असा आक्षेप येईल. पण प्रत्येक यंत्र आपल्यापुरते पाहते, शेजारच्या यंत्राशी करार करीत नाही. करार माणसेच करू शकतात.

कुलूप आणि शेजार

सामाईकतेचा अर्थ दार सताड उघडे ठेवणे असा मात्र नव्हे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी धाडलेला ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी रहिवाशाच्या बिनतारी जोडणीवरून गेल्याचे आढळले. त्या गृहस्थाला चौकशीचा मनस्ताप सोसावा लागला. त्यानंतर बिनतारी जाळी सुरक्षित करण्याबाबत सरकारलाही सूचना काढाव्या लागल्या. जोडणी ज्याच्या नावावर असते, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. म्हणून राउटर घरी आला की त्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. मुलाचे नाव किंवा भ्रमणध्वनीचा क्रमांक ठेवू नये. राउटरच्या व्यवस्थेत शिरण्याचा शब्द निराळा असतो, तोही बदलावा. सुरक्षेच्या पद्धतींपैकी जुनी 'वेप' पद्धत २००१ मध्येच भेदली गेली आहे. 'डब्ल्यूपीए-२' किंवा त्यापुढची 'डब्ल्यूपीए-३' निवडावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते. तिचा उपयोग केला म्हणजे आतिथ्यही होते आणि तिजोरीची किल्लीही हातची जात नाही.

इमारतीचा दरवाजा कोणाचा?

घराच्या आत एवढे करूनही तारेचा प्रश्न उरतोच. अनेक वसाहतींत एकाच केबलचालकाला प्रवेश असतो. कोठे पदाधिकाऱ्यांशी झालेल्या समजुतीने, कोठे इमारत बांधणाऱ्याशी झालेल्या कराराने, आणि कोठे नुसत्या प्रथेने. गल्ल्या वाटून घेतल्या गेलेल्या असतात. बाजारात स्पर्धा आहे असे आकडेवारी सांगते. प्रत्यक्ष ग्राहकाच्या दारात मात्र मक्तेदारी असते. ज्याला सोडून जाता येत नाही, त्या ग्राहकाच्या तक्रारीला धार नसते. वर सुचविलेले तीन आकडे हाती असूनही त्यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी असते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयींनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे अधिकार नव्हे. सहकारी गृहसंस्थांनी स्वतः होऊन इमारतीतील तारांचा मार्ग संस्थेच्या मालकीचा करावा, कोणत्याही पुरवठादाराला समान शर्तींवर तो खुला ठेवावा आणि कोणाशीही एकाधिकाराचा करार करू नये. ज्या राज्याने सहकारावर साखर कारखाने उभारले, त्या राज्यातील गृहसंस्थांना एक नळी आणि चार तारा सांभाळणे जड जाऊ नये.

कुंपणाबाहेरचे

ही सारी चर्चा ज्यांच्या दारात तार आली आहे त्यांची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांतच इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के आणि खेड्यांत १५ टक्के. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेला. त्या दिवसांत वडिलांच्या एकुलत्या भ्रमणध्वनीवर तीन भावंडांनी पाळी लावून शिकणे आणि लहरी मिळाव्यात म्हणून मुलांनी टेकडीवर जाऊन बसणे, हे शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर जोडण्या पुष्कळ वाढल्या, परंतु भ्रमणध्वनीवरचा मोजून मापून वापरावयाचा इंटरनेट आणि घरातले स्थिर जाळे यांत उधारीचे पुस्तक आणि स्वतःचे पुस्तक यांइतके अंतर आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या हक्काशी निगडित मानली, ती याच जाणिवेतून.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तीनुसार किराणा दुकानदार किंवा चहावाला परवान्यावाचून आणि नोंदणी शुल्कावाचून आपल्या केबलच्या जोडणीवरून सार्वजनिक वायफाय पुरवू शकतो. ही मूळ कल्पना उत्तम आहे. गावोगावच्या वाचनालयांनी आणि शाळांनीही ती उचलावयास हवी. संध्याकाळी वाचनालयाच्या ओटीवर बसून पाच मुलांना अभ्यास करता येणे, हे एखाद्या घरात तीनशेचे पाचशे मेगाबिट होण्यापेक्षा समाजाला निश्चितच अधिक फायद्याचे आहे. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम वर्गात शिकविला जातो. तो लागू करण्याची जागा ही आहे.

वाहिन्या वाटून घेण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी सभा भरवावी काय, असे कोणी हसून विचारील. पण शेजाऱ्याशी एवढेही ठरविता येत नसेल, तर मोठ्या सामाईक प्रश्नांवर एकत्र येण्याच्या गोष्टी व्यर्थ होत. तार विकत घेता येते, यंत्रही विकत घेता येते. लहरींचा समंजस वाटा मात्र कोणत्याही प्लॅनमध्ये मिळत नाही. तो भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलूनच मिळवावा लागतो. आज रात्री नऊ वाजता नेट अडखळले, तर केबलवाल्याला दूरध्वनी करण्याआधी शेजारचे दार ठोठावून पाहावे. त्या घरातही कोणाचा तरी गणिताचा पाठ थांबलेला असेल.